थोरल्याचा स्टॅबिलायझर

नाही नाही, स्टॅबिलायझरचं झाकण उघडूनच दाखवतो, त्यात कसली तसदी — हा तांब्याच्या तारेचा ट्रान्सफॉर्मर, हे रिले. व्होल्टेज उतरलं की टक्क, रिले वाढवून देतो. चढलं की टक्क, उतरवून देतो. तुमच्या मशीनला बाहेरचा गोंधळ कळतसुद्धा नाही. आणि अगदीच हाताबाहेर गेलं, तर हा कट-ऑफ सरळ लाइन तोडतो. गिऱ्हाईक इथेच चिडतं — बंद का पडलं? अहो, वाचवायचं म्हणून बंद पडलं! समोरच्या दुकानाची पाटी वाचलीत? 'कधीच बंद पडत नाही'. खरंच पडत नाही — तिथे कट-ऑफला वायरचा तुकडा जोडून आंधळा करतात. गिऱ्हाईक खूश. मग कधीतरी खांबावरची न्यूट्रलची तार सुटते, घरात भलतंच व्होल्टेज शिरतं आणि फ्रिजमधून धूर! आणि हे करतं कोण? माझा थोरला भाऊ. सख्खा!

ते दुकान दोघांचं होतं. मी टायफॉइडने हॉस्पिटलात — उठून येतो तर दाराला नवं कुलूप आणि माझं सामान फुटपाथवर. तेव्हाच ठरवलं, दुकान टाकायचं ते ह्याच्या डोळ्यांसमोर. आणि एक दिवस हा माझ्या पायरीवर येईल, तेव्हा तोंडावर नाही म्हणायचं. त्या एका 'नाही'साठी जगलोय म्हणा ना. हॉस्पिटलात वहिनी तेवढी यायची, त्याच्या चोरून, डबा घेऊन... जाऊ दे, ते कशाला.

बरं, मशीन कसलं म्हणालात? ऑक्सिजनचं? — एक विचारू? साधं गिऱ्हाईक वॉरंटी विचारतं, रंग विचारतं. तुम्ही आल्यापासून कट-ऑफचंच धरून बसलात. स्कूटर मागच्या गल्लीत, दुकानात येऊन हेल्मेट डोक्यावर — काढा बघू ते. अस्सं! थोरल्याचे जावई! लग्नाला बोलावलं नसलं तरी फोटो पाहिलाय मी. मग ऑक्सिजन कुणाला लागतोय?... वहिनीला?

म्हणजे जगाला आंधळे डबे विकणारा स्वतःच्या बायकोच्या मशीनला स्वतःचा डबा लावायला धजत नाही! वा! आणि पाठवलं जावयाला, चोरासारखं. नाही मिळणार. त्याला म्हणावं, स्वतः ये, भर बाजारात पायरी चढ, हात पसर — काय? सकाळपासून व्होल्टेज वरखाली होतंय? आणि ती आत्ता मशीनवरच आहे?

उचला. उचला म्हणतो ना! पैसे राहू द्या, त्याचे मला नकोत. वीज गेली तर ह्याचा उपयोग नाही, भरलेला सिलिंडर उशाशी हवाच — समजलं? गोणपाट? झाकायला गोणपाट कशाला? उघडाच न्यायचा, खांद्यावर, माझ्या दुकानाचं नाव बाहेरच्या बाजूला. आणि मागच्या गल्लीतून नाही, जावईबापू — समोरून, त्याच्या गल्ल्यासमोरून, सगळ्यांना दिसेल असं हळूहळू... नाही, हळू नको. पळा. बघताय काय माझ्या तोंडाकडे? पळा!