अमावस्येची मोजणी

सभाध्यक्ष श्रीयुत गोपीनाथपंत, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते महिपतराव वकील, व्यासपीठावर विराजमान झालेले बागेचे सन्माननीय पंच, रुळांपलीकडच्या गावातून येऊन पायधूळ झाडलेले गृहस्थ, कोपरीचे समस्त ग्रामस्थ, आणि आत सतरंजीवर जागा असूनही बाहेर अंगणात बसलेल्या आयाबहिणींनो,

मला चार गौरवाचे शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. वीस वर्षे शाळेत मुलांकडून निबंध लिहून घेतले, तेव्हा चार शब्द जुळवणे मला जड नाही. काल दुपारी ते लिहूनही काढले. वकीलसाहेब कायद्यात निष्णात आहेत, गोड बोलतात, आता मुंबईस मोठ्या कोर्टात नाव काढायला निघाले आहेत. यात खोटे काहीच नव्हते. तरी तो कागद मी घरी ठेवून आलो, कारण वाचता वाचता मला माझीच शिसारी आली.

पाहुण्यांपैकी काहींना आमची बाग ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. एका बाजूला खाडी, दुसरीकडे मिठागरे, आणि मध्ये गोड्या पाण्याची एकच विहीर. त्या विहिरीभोवती बावीस घरांची सामाईक बाग आहे. पुरुष मिठागरावर जातात, बाया वाफे राखतात. वांगी, वाल, माठ, आणि कडेने झेंडू. मोट एक, बैलजोडी एक, पाण्याची पाळी ज्या त्या घराची. आमच्या आजोबांच्या पिढीने पाच पंच नेमले आणि लिहून ठेवले, की पाचांच्या सह्यांवाचून बागेतले ढेकूळसुद्धा हलायचे नाही. आज त्या पंचांत वकीलसाहेब मुख्य आहेत आणि पाचवा मी आहे.

बागेची एक रीत आहे. अमावस्येला मोट जुंपायची नाही आणि कुंपणाच्या आत पाऊल टाकायचे नाही. त्या दिवशी जमीन निजते, असे आमच्या बाया म्हणतात. गावातली शिकली-सवरली मंडळी हसतात. मीही हसत असे.

तर गेल्या माघात वकीलसाहेबांनी माणूस धाडून मला विचारले, येती अमावस्या इंग्रजी कोणत्या तारखेला पडते? मला काय वाटले असेल? मला वाटले, जमीन मोजून कुळांची नावे लावायला सरकारी मोजणीदार यायचा आहे, तेवढा एक दिवस टाळावा म्हणून विचारतात. केवढी ही रीतीची कदर! मी पंचांग उघडले, तारीख काढली, चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहून दिली. मास्तरकीची खोड, दुसरे काय.

नेमक्या त्याच तारखेला मोजणीदार आला. बागेत मोजणीची साखळी पडली. बावीस घरे कुंपणाबाहेर उभी होती. हौसाबाईंच्या वांग्यांवरून साखळी ओढत नेली, तेव्हा त्यांनी बाहेरूनच हाक घातली, सायेब, त्यो माजा वाफा हाय. मोजणीदार भला माणूस असावा, तो थांबला. तेव्हा आमचे मुख्य पंच त्या वाफ्यात उभे राहून म्हणाले, "जो जमिनीवर उभा राहून सांगेल, त्याचंच नाव लागेल. या ना आत, हौसाबाई."

मी तिथे होतो. त्या बाईने पाऊल उचलले आणि परत मागे घेतले. म्हणाल्या, "आज आवस हाय. जमीन निजलेली हाय. उद्या या सायेब, एकेकीचा वाफा दावीन."

उद्या कोण येतो? कागदावर लागले: पडीक, कूळ कोणी नाही. पडीक! अध्यक्षमहाराज, वकीलसाहेबांच्या गळ्यातला हार जरा जवळून पाहा. तो झेंडू त्याच पडीक जमिनीतला आहे. रखमाबाईंनी आज सकाळी तोडून ओवला, कारण निरोपाला हार द्यायची रीत आहे, आणि रीत मोडणे त्यांना येत नाही.

कूळ नाही म्हणजे पंचांना विकायला मोकळी, आणि आता तिथे एका शेठजींची गुदामे व्हायची आहेत. स्टेशन जवळ, माल उतरवायला सोयीचे. पंचांना मिळणार काय, तर त्या पैशातून धर्मशाळा उठेल आणि तिच्या दारावरच्या शिळेवर पाचांची नावे कोरली जातील. एवढ्यावर चार सह्या झाल्या. माझ्या शेजारी बसलेल्या या तीन सद्गृहस्थांनी त्या विहिरीचे पाणी पिऊन बाळसे धरले आहे. विकायला निघालेल्या वकीलसाहेबांचा मला राग येतो, या तिघांचा येत नाही. त्यांची किळस येते. मघाशी त्यांनी दिलेला विडा मी अजून हातातच धरून आहे, तोंडात घालवत नाही.

पाचवी सही उद्या सकाळच्या गाडीआधी माझ्याकडून घ्यायची ठरली आहे. म्हणूनच मला आज भाषणाचा मान, आणि वकीलसाहेबांना पागोटे बांधण्याचाही मान. मास्तर मानाचा भुकेला, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. तर सर्वांसमक्ष सांगतो, ती सही मी करणार नाही. पागोटे या तबकात आहे. ज्यांनी सह्या केल्या, त्यांनी बांधावे.

पण माझ्या नकाराने पडीक हा शब्द पुसला जात नाही. त्यासाठी हरकतीचा अर्ज दिला आहे आणि पुन्हा मोजणी मागितली आहे. उत्तर आले, की कचेरीला सवड येत्या अमावस्येलाच आहे. हा योगायोग मानायला मी आता धजत नाही. परवा हे सांगायला हौसाबाईंकडे गेलो.  त्या म्हणाल्या, "मास्तर, त्या दिशी मी मोट जुपनार."

महिपतराव, बाग कदाचित राहील. पण त्या जमिनीची झोप तुम्ही नेलीत, ती मुंबईहून परत पाठवता येणार नाही.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत, अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही, याबद्दल मी ऋणी आहे. प्रसंग सोडून काही अधिक-उणे बोललो असेन, तर सभेने उदार मनाने पोटात घालावे. तारखेची ती चिठ्ठी मात्र माझ्या हातची आहे. तिची क्षमा मागायची ती या सभेकडे नाही. हौसाबाई, तुमच्याकडे.