खिडकीतला बोळा

माझं माहेर उंद्रीचं आन् सासर चिखलीचं, मधात काही लय अंतर नाही, पन लग्न झालं तेव्हा मले दुसऱ्या मुलखात आल्यासारखं वाटलं होतं. सुमन माझं नाव. शिकली मी सातवी, आन् आता लोक मले मशीनवाल्या बाई म्हनतात, काय सांगू तुम्हाले, माझं मलेच हसू येते. आमच्या ह्यांचं कूलर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान, मी बाजूले बसून पाना दे, पेचकस दे असं करो, करता करता हातच शिकला. मंग ह्यांचे डोळे अधू झाले, बारीक तार दिसेना, तं हे म्हनत, सुमन तू पाह्य व जरा, आन् मी पाहो. कोनी शिकवलं नाही आन् कोनी मनाईबी केली नाही.

कपडे धुवायच्या मशीन तं आता गावोगावी झाल्या. वाळवायची मशीन मी पयल्यांदा चिखलीतल्या एका डॉक्टरीनबाईच्या घरी पाह्यली. काचेचं गोल दार, आन् आत कपडे वर जातात, पडतात, वर जातात, पडतात. दुरुस्ती झाली तरी मी उठेच ना. गरम हवेचा तो वास, धुतलेल्या कपड्याचा, उन्हाचा वास असते ना तसाच, पन घरात. बाई म्हने, सुमनबाई झोप लागली का व? मी म्हटलं नाही हो, पाहून राह्यली. खरं तं मी तिथं नव्हतीच. मी उंद्रीच्या आमच्या मधल्या खोलीत होती, दोरीखाली. ते सांगतो पुढं.

मले एक सपन पडते, आज तीस वर्सं झाले. दुपारी जेवून जरा डोळा लागला का पडते. मधली खोली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, आन् दोरीवर लंगोट. मी एकेकाले हात लावत जातो, ओला, ओला, हाही ओला. दोरी काही संपत नाही. कोनी रडत नाही, कोनी बोलत नाही, नुसती मी आन् ते लंगोट. मंग जाग येते आन् मी ह्यांच्यासाठी चहा मांडतो.

तं मागच्या श्रावनात सुलतानपूरहून फोन आला. गोदाबाई म्हनून एक बाई, घर चांगलं, शेतीभाती, स्लॅबचं घर. लेक पयल्या बाळंतपनाले माहेरी आलेली, मुलगी झाली होती. जावई पुन्यात नोकरीले, त्यानं कवतिकानं वाळवायची मशीन पाठवली, का पावसात लेकराचे कपडे वाळत नाहीत. आन् गोदाबाई फोनवर म्हने, बाई, मशीन कपडे ओलेच देते. दोन मेकॅनिक येऊन गेले, दोघंही म्हनतात मशीन ठनठनीत हाये. मी म्हटलं, मंग मी येऊन काय करू? म्हने, लेकराची छाती घरघर करून राह्यली हो. डॉक्टरचं औषध चालू हाये, दोन दिवस बरं वाटते, पुन्हा तेच. ओले कपडे घालावं लागतात, काय करू. तुम्ही बाईमानूस हाये म्हनून फोन केला, या एकडाव.

बाईमानूस काऊन पाह्यजे, हे मले तिथं गेल्यावर समजलं. मेहकरले बस बदलून गेली. मशीन ठेवली होती बाळंतिनीच्या खोलीत, का कपडे निंघाले का गरमगरम लेकराच्या अंगात. आन् त्या खोलीत परका गडी जाईन कसा? सव्वा महिना झाला नव्हता. तं ते दोघं मेकॅनिक आले का घरचे लोक मशीन उचलून ओसरीत आनत. ओसरीत चालू केली का कपडे पापडासारखे कडक! मेकॅनिक म्हने काही बिघाड नाही, चहा पेला आन् गेला. मशीन परत आत नेली का कपडे ओले. दोन-दोन शहाने येऊन गेले, पन एकालेबी वाटलं नाही का बाप्पा बाहेर चालते आन् आत चालत नाही, तं आत काय हाये ते विचारावं तरी. तोंड नव्हतं का विचारायले?

गोदाबाईचा मातर हिशोब झाला होता. नजर लागली म्हने. मशीनले काळा दोरा बांधलेला, लिंबू-मिरची टांगलेली. मी म्हटलं, राहू द्या, त्याच्यानं काही अडत नाही.

आत पाय ठेवला आन् माय माय, मले घामच फुटला. दार लावलेलं, खिडकीले पाट्या ठोकून फटीत चिंध्या भरलेल्या, खाली शेगडी, ओव्याची धुरी. पोरगी कान बांधून खाटेवर, मांडीवर लेकरू, आन् भितीवरून पान्याचे ओघळ. वर कोपऱ्यात बुरशीचा काळा पट्टा. लेकराचा श्वास मले दारातून आयकू आला. मी तो आवाज ओळखतो.

मी कामाले लागली. जाळी काढली, तिच्यात कपड्याचा भुसा अडकते, ती साफ होती. आत हात घातला, हवा गरम. पंखा फिरते. मंग मागं वाकून पाह्यलं, तं मशीनचा जाड पाइप बराबर खिडकीच्या पाटीतून बाहेर गेलेला, पन मशीनच्या जोडापाशी त्याच्यातून वाफ परत खोलीत येऊन राह्यली होती. मी मागच्या अंगनात गेली. पाइपाच्या तोंडात जुन्या लुगड्याचा हा एवढा बोळा कोंबलेला.

मी म्हटलं, गोदाबाई, हे कोनं केलं? त्या म्हने मीच, पाइपातून वारं आत येते ना, बाळंतिनीले वारं लागलं तं जलमभर डोकं धरून बसंन. मी म्हटलं, अहो ही मशीन पानी पेत नाही, कपड्यातल्या पान्याची वाफ करते आन् ह्या वाटेनं बाहेर फेकते. तुम्ही वाटच बुजवली. ओसरीत हा पाइपच नसते, तिथं वाफ उडून जाते. इथं ती सगळी परत कपड्यात, भितीत, आन् लेकराच्या छातीत. बोळा काढा.

गोदाबाई म्हने, नाही. माझ्या आईनं असंच केलं, सासूनं असंच केलं. तुम्ही मशीन पाहा, बाळंतपन मले शिकवू नका. आन् पाइपापुढं आडव्या उभ्या राह्यल्या.

मले राग आला. लय आला. मी सामान पिशवीत भरलं, दोन पावलं गेलीबी. आन् तिथंच पडवीत खाली बसली. मंग जे मी कोनाले सांगतलं नव्हतं, माझ्या दोन पोरींलेबी नाही, ते त्या बाईले सांगून गेली. का माझं पयलं लेकरू पोरगा होता. असाच श्रावन, उंद्रीची मधली खोली अशीच बुजवलेली, आतच दोरी, आतच शेगडी, लंगोट वाळेना आन् त्याची छाती अशीच वाजे. माझ्या आईनं जिवापाड केलं हो, तिचीबी चूक नाही. ओलीनं गेला, धुरानं गेला का त्याचं तेवढंच औक्ष होतं, मले आजवर ठावं नाही. विसाव्या दिवशी गेला. मी म्हटलं, खिडकी नका उघडू, पोरीचे कान बांधून ठेवा, शेगडी दारापाशी सरकवा, पन हा बोळा काढा. तुमच्या पाया पडतो.

गोदाबाई पाइपाकडं वळल्या. आन् सोताच्या हातानं त्यांनी तो बोळा ओढला. चिंब, काळा, बुरसटलेला. मशीन चालूच होती. पाइपातून भस्सकन वाफ निंघाली आन् अंगनातल्या लिंबाच्या झाडावरून वर गेली. आम्ही दोघी तिच्याकडं पाहत राह्यलो, पाऊस भुरभुर चालूच होता. मंग त्यांनी मले विचारलं, काय नाव होतं बाई त्याचं?

तीस वर्सांत कोनी विचारलं नव्हतं. बारसं राह्यलंच होतं. पन मनात ठेवलं होतं मी एक नाव, ते गोदाबाईले सांगतलं. तुम्हाले नाही सांगत, राग मानू नका.

पाइपाच्या तोंडाले मी पत्र्याची झडप लावून देली, वाफ बाहेर जाते, वारं आत येत नाही, गोदाबाईचंबी समाधान. जोड बांधला, भीत पुसून घ्या म्हटलं, डॉक्टरले पुन्हा दाखवा म्हटलं. आठ दिवसांनी फोन आला, कपडे खडखडीत निंघतात आन् लेकराची छाती मोकळी झाली. आता ती पोरगी रांगते म्हने, मशीनच्या काचेपुढं जाऊन बसते आन् कपडे फिरताना पाहत राह्यते. औक्षवंत होवो, शंभर वर्सं जगो.

माझं काय, आमचे हे हायेत, दुकान हाये, चाललं हाये. सपन अजून पडते. तीच खोली, तीच दोरी. परवा दुपारी एकेकाले हात लावत गेली, ओला, ओला, आन् एक कोरडा लागला. एकच. मी तो दोरीवरून काढला, घडी केली आन् उशाशी ठेवला.