माजी विद्यार्थिनीची देणगी

परवा काय झालं, ऐका. तान्ह्या लेकाला जेमतेम झोपवलं आणि हिंदी मुलखातल्या माझ्या जुन्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कक्षातून फोन आला. आडनाव पाहून मुलगी मराठीतच बोलली, पण पाठ केल्यासारखं. "मॅडम, आज आपण ज्या उंचीवर आहात, त्यात विद्यापीठाचाही वाटा आहे."

मी दुपट्यांच्या घड्या घालत होते. म्हटलं, "उंचीबिंची काही नाही हो. नोकरी सोडून घरीच आहे."

तेवढ्यात रडणं ऐकू आलं. फोन कानाला तसाच धरून पाळण्याकडे धावले, तर लेक गाढ झोपलेला. मग रडतंय कोण?

"सॉरी दीदी, माझी मुलगी आहे," फोनमधून आवाज आला. "आमच्या रांझी मोहल्ल्यात तिला सांभाळायला कोणी नाही, म्हणून ऑफिसात आणली. काहून रडून राहिली, कळतच नाही. सर आता घरीच बसवतील मला."

"पाय पोटाशी घेते का?"

"हो ना!"

"मग कोमट पाण्यात हिंग कालवून बेंबीभोवती लाव. कँटीनमध्ये असेल."

सांगितलं खरं, आणि लगेच घाबरले. मी कोण सांगणारी? माझंच सगळं सासूबाईंना विचारून चालतं! फोन ठेवायचा धीर होईना. बऱ्याच वेळाने रडणं थांबलं.

"झोपली, दीदी," ती कुजबुजली. मग पुन्हा ऑफिसच्या आवाजात म्हणाली, "तर आपलं योगदान काय लिहू, मॅडम?"

"लिही, चिमूटभर हिंग."

"लिहिते," ती गंभीरपणे म्हणाली. "वस्तुरूप देणगीचा रकाना आहे आमच्याकडे."