दर फेरीला खाली येणारं विमान

विमान दिसलं की आमचा दामूकाका अजून मान फिरवतो. का, ते ऐका. सोळा-सतरा साल असेल. आमच्या वरोर गावाहून आमची बोट पार तेलाच्या प्लॅटफॉर्मपर्यंत गेली होती. तिथे मासेमारीला बंदी, पण मासळी जमते तिथंच. आम्ही जाळं टाकलं आणि एक लहान विमान येऊन प्लॅटफॉर्मभोवती घिरट्या घालायला लागलं. दर फेरीला आणखी खाली!

“बोटीचा नंबर वाचतायत रे!” काका ओरडला. “काप दोर!”

“काका, जाळं भरलंय!”

“बोट जप्त झाल्यावर जाळं काय चाटायचंय?”

शेवटी त्यानेच सुरी चालवली. माझ्या बापाने जायच्या आधी विणलेलं ते शेवटचं जाळं. इंजिन फुल करून, काळा धूर सोडत आम्ही पळालो.

पुढच्या वर्षी घरी एक पाहुणा सुकट घ्यायला आला. गप्पांत म्हणाला, “समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरून गॅस किती गळतो, ते आम्ही विमानातून मोजतो. दर फेरी थोडी खालून मारावी लागते.”

काकाने हळूच विचारलं, “बोटींचे नंबर नाही बघत?”

“छे हो! एकदा मात्र एक बोट बरोब्बर प्लॅटफॉर्मकडून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेत उभी होती. हिने इंजिन तेवढं सुरू करू नये, म्हणून आम्ही वर अक्षरशः हात जोडून बसलेलो. तर ही धूर सोडत पळाली! धूर गॅसमध्ये मिसळला, मोजमाप सगळं वाया. पण पळाली कशाला, देव जाणे.”

काका सुकट बांधत राहिला. मग खालमानेनेच म्हणाला,

“खालून दिसले नाहीत हो तुमचे जोडलेले हात.”