दुसरा स्विच कशाला?

...आणि वर मलाच विचारतात, "एक चालतोय ना, मग दुसरा कशाला?" आता काय बोलणार, कप्पाळ! तुम्हाला सांगतो, आमच्या ऑफिसात दोनशे कॉम्प्युटर, आणि सगळ्यांच्या तारा शेवटी येऊन मिळतात त्या एका डब्यात, कोअर स्विच म्हणतात त्याला, तो बसला की अख्खं ऑफिस बसलं! म्हणून मी म्हटलं, साहेब, जोडीला दुसरा ठेवू, एक गेला तर दुसरा सांभाळून घेईल... साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला, हो, चष्मे दोन आहेत बरं का त्यांचे, एक नाकावर, एक ड्रॉवरमध्ये, आणि म्हणाले, "अहो, एक चालतोय ना..." पुढचं तुम्हाला पाठ झालंच असेल!

सहा महिने मी त्यांच्या मागे! शेवटी वैतागून दुसरा घेतला, पण अट काय घातली? "सोमवारी अकराला माझी वरच्यांशी व्हिडिओवर मीटिंग आहे. ती चालू असताना एक स्विच बंद करून दाखवा. माझं तोंड पडद्यावर थिजलं, तर राजीनामा घेऊनच केबिनमध्ये या." आणि मीही तावातावाने बोलून बसलो, कबूल!

सोमवारी सकाळी मी सर्व्हर रूममध्ये ऐटीत उभा. दोन स्विच, प्रत्येक मजल्यावरून दोन-दोन तारा, एक याला, एक त्याला, नाव ठेवायला जागा नाही... तेवढ्यात सफाईवाल्या मावशी व्हॅक्युम ओढत आल्या. "भाऊ, ही दोन्ही यंत्रं एकाच बोर्डात कोंबलीत होय? मग मी माझा प्लग कुठे लावू? यातला एक काढू?"

अहो, दरदरून घाम फुटला! सहा महिने नकाशे काढले, लाल रेघ, निळी रेघ, आणि स्वतःच्या हाताने दोघांचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात! तो बोर्ड गेला की दोघंही जोडीनं आडवे! धावतपळत दुसऱ्याची वायर दुसऱ्या यूपीएसला लावली आणि मावशींना हात जोडले. त्या म्हणतात, "हात काय जोडताय, प्लग कुठे लावू ते सांगा!"

अकरा वाजून पाच मिनिटं. समोर काचेतून साहेबांची केबिन दिसतेय. मी डोळे मिटले, पहिल्या स्विचचा प्लग ओढला... आणि हळूच एक डोळा उघडला. साहेबांचं तोंड चालूच! तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत ते तोंड चालू बघून मला पहिल्यांदाच आनंद झाला!

मीटिंग संपवून साहेब बाहेर आले. "बंद केलात? मला कळलंसुद्धा नाही! म्हणजे एकावर भागतंय की! दुसरा शाखेला पाठवून द्या. एक चालतोय ना..."

"पाठवतो साहेब," मी म्हटलं, "सोबत ड्रॉवरमधला चष्माही देऊ का? नाकावरचा चालतोय ना..."

मावशी फिस्सकन हसल्या. साहेबांनी नाकावरचा चष्मा सावरला आणि मुकाट केबिनमध्ये गेले. स्विच राहिला! जिंकलो की हो!

आणि काल साहेबांनी बोलावलं. "तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलंय. पण हे सगळं कळणारे ऑफिसात तुम्ही एकटेच. उद्या तुम्ही आडवे झालात तर? तुमच्या जोडीला एक माणूस घेतोय. तुमच्याच शेजारी बसेल, तुमचंच काम करेल."

आणि काय सांगू... माझ्याच तोंडून निघालं, "साहेब, एक चालतोय ना... मग दुसरा कशाला?"