काचेची रांगोळी

चिठ्ठीतलं शुद्धलेखन चुकलंय, ठाऊक आहे मला, त्याची आधीच माफी मागतो, भय्यासाहेब. सहावीतून शाळा सुटली माझी, ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही जमत नव्हतं, आता फॅक्टरीच्या गोदामात खोकी बांधता बांधता काय जमणार. शब्दही साधेच आहेत, महाराष्ट्र मंडळाच्या फळ्यावर शोभतील असे नाहीत. पण तुम्ही फळ्यावरून ती काढून हातात घेऊन आलात ना — मग वाचा तरी. ‘ही पांढरी पूड रांगोळीला वापरू नका. ही छातीत जाते.’ एवढंच तर लिहिलंय. यात न समजण्यासारखं काय आहे?

रांगोळ्या काहून पुसल्या, म्हणता? सांगतो. सांगायलाच उभा आहे. मला कधी बोलताना पाहिलंय तुम्ही? मंडळाच्या सभेत मी सतरंज्या घालतो आणि कोपऱ्यात बसतो. श्रीरंगचा भाऊ, तो मुका — असंच म्हणता ना सगळे? आज मुका बोलून राहिला आहे तर ऐकून घ्या. बसा म्हणणार होतो, पण तुम्ही उंबऱ्याच्या आत येणार नाही. ती आत आहे ना. तो खोकला ऐकू येतोय तो तिचाच — आमच्या अंजनी वहिनीचा. दोन पावलं मागे सरकलात? सरका. मी बघितलं नाही असं समजा.

दिवाळीच्या पहाटे क्वार्टरांच्या लाईनीतल्या सगळ्या दारांपुढच्या रांगोळ्या या विष्णूने पुसल्या — हो, पुसल्या. अपशकुन केला — केला असेल. लाईनीतल्या राधाबाई रडल्या, त्यांच्या मोराचा पिसारा तेवढाच राहिला होता भरायचा. त्यांच्या पाया पडून येईन मी. तुमच्या नाही पडणार. माफ करा, आवाज चढला — नाही, राहू द्या, माफही नका करू.

ती पूड आली कुठून, ते आठवा जरा. लढाई सुरू झाली, मालगाड्या सगळ्या तोफगोळ्यांना लागल्या, नागपूरकडून रांगोळी यायची बंद झाली. आकाशकंदील दिसला की हवाई हल्ल्याच्या पहाऱ्यावरचे ए.आर.पी.वाले दिवा विझवायला शिट्ट्या मारतात. मग आपली दिवाळी दिसणार कशात? तर तुम्हाला सुचलं. बॉयलरपासून वाफेचे नळ जातात ना, त्यांच्यावर पांढरा जाड लेप असतो, नळाची आच बाहेर जाऊ नये म्हणून. जुना झाला की तो फोडून काढतात आणि बॉयलर घरामागे ढीग घालतात. भाजून भाजून पांढराशुभ्र झालेला, हातात घेतला तर कापसासारखा हलका. तुम्ही फॅक्टरीच्या साहेबाला विचारून पोती उचललीत. सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली, खोटं काहून बोलू? पण ती ढेकळं कुटायची कोणी, वस्त्रगाळ करायची कोणी? तुम्ही आलात आमच्या दारात. तेव्हा आत आलात, चहा घेतलात, आणि म्हणालात — अंजनीताई, तुमच्यासारखा हात अख्ख्या जबलपुरात नाही, पूड तुम्हीच काढायची.

ती भुलली हो. हरद्यासारख्या लहान गावातून आलेली बाई, कोणी कधी ‘ताई’ म्हणून मान दिला नव्हता. दर दिवाळीला, दर पाडव्याला, गणपतीला, चैत्रगौरीला — ती मागच्या खोलीत बसायची, दार लावून, खिडकीला चादर बांधून. कारण ती पूड इतकी हलकी की जरा वारा आला की उडाली. आत सगळं धूसर. बाहेर आली की भुवया पांढऱ्या, केस पांढरे, आणि हसायची, म्हणायची, विष्णू भाऊजी, बघा, म्हातारपणी मी कशी दिसेन ते. बेबी तिची, पाच वर्षांची पोर, टाळ्या पिटायची — आई म्हातारी, आई म्हातारी.

आता खोकते. आधी कोरडा होता, मग चालताना धाप लागायला लागली, आता ग्वारीघाटच्या पायऱ्या उतरून नर्मदेला हात लावणंही होत नाही तिच्याने. डॉक्टर म्हणाले क्षय. असेलही क्षय. मी डॉक्टर नाही. पण त्यांनी विचारलं नाही की बाई, तू करतेस काय? मी बाकावर बसलो होतो, तोंडाशी आलं होतं, बोललो नाही. हा असा मी. घरी येऊन भिंतीवर डोकं आपटलं, पण तिथे बोललो नाही.

मग परवा मी चिमूटभर पूड कागदात बांधली आणि कॉलेजात गेलो. शाळा सुटल्यावर वर्षभर मी तिथे प्रयोगशाळेत बाटल्या धूत होतो, अच्युत सर ओळखतात मला. म्हटलं, सर, ही कसली माती आहे, एवढंच सांगा. सरांनी थेंबभर पाण्यात ती टाकली, काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आणि बघतच राहिले. मग म्हणाले, विष्णू, ही माती नाही रे, हा समुद्र आहे.

मी डोळा लावला. भय्यासाहेब, तुम्ही रागावला आहात, तरी हे ऐका. आत रांगोळी होती. खरंच सांगतो. चाकं होती, आऱ्यांसकट. कंगवे होते. ग्वारीघाटच्या डोंग्यांसारख्या निमुळत्या होड्या होत्या, झाकणाच्या गोल डब्या होत्या, तीन कोनांचे तारे होते — बरेच मोडलेले, पण काही अख्खे. आणि प्रत्येकावर ठिपके. आपल्या बायका ठिपके मांडून मग रेघा जोडतात ना, तसे ओळीने, एकही चुकलेला नाही. एका चिमटीत इतके प्रकार की सर नावं घेऊन घेऊन दमले. म्हणाले, ह्या समुद्रातल्या वनस्पती. डोळ्याला दिसत नाहीत इतक्या लहान. मूळ नाही, पान नाही, लाट नेईल तिकडे जातात. पण ऊन लागतं त्यांना, म्हणून पाण्याच्या वरच्या थरात राहायचं. आणि प्रत्येक वनस्पती स्वतःभोवती काचेची डबी करते. काचेची — सरांचाच शब्द.

मी समुद्र पाहिलेला नाही. तुम्ही तरी कुठे पाहिलाय? सर सांगत होते, समुद्राचं गवत आहे हे. वादळाने तळचं खत वर येतं, वर ऊन मिळतं, की ह्या एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढतात, कोस-कोस पाण्याचा रंग बदलतो. एक जात संपली की दुसरी वर येते, जशी आपल्याकडे पाटनच्या शेतात गव्हामागून मूग. यांना खातात झिंग्यांहून बारीक किडे, त्यांना लहान मासे, त्यांना मोठे. ह्या नसतील तर एवढ्या समुद्रात एक मासा राहणार नाही, आणि आपण श्वास घेतो त्या हवेतला मोठा वाटा यांनीच चांगला करून दिलेला. मेल्या की त्यांच्या डब्या खाली बसत जातात, रात्रंदिवस, भुरभुर पावसासारख्या. तळाशी थर. मग हजारो-लाखो वर्षांनी समुद्र हटतो, तळ वर येतो, कोणीतरी तो खणतो, जहाजात भरतो, आणि आपल्या फॅक्टरीच्या नळाला गुंडाळतो.

सर खूश होते. एकसारखं वा वा म्हणत होते. आणि मला राग आला. सरांसारख्या देवमाणसाचा राग! मी म्हटलं, सर, हे छातीत गेलं तर? त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. मी म्हटलं, सर, काच आहे म्हणता ना, कोणी बंद खोलीत बसून हे कुटलं, चाळलं, वर्षं-वर्षं, तर? ते काचपट्टी पुसत बसले. मग म्हणाले, काच छातीत विरघळत नाही, विष्णू. मी म्हटलं, एवढंच कागदावर लिहून द्या, मी मंडळात दाखवतो. तर म्हणाले, लढाई चालू आहे, फॅक्टरीचा मामला आहे, मी सरकारी नोकर, आणि मी काही डॉक्टर नाही. तेही बरोबर. सगळे बरोबरच असतात. म्हणून ती चिठ्ठी मला लिहावी लागली, माझ्या असल्या अक्षरात.

आणि काल संध्याकाळी तुम्ही काय केलंत? तुम्ही आणि कमिटीचे ते दोघे. ओसरीत उभे राहिलात, श्रीरंगला बाहेर बोलावलंत. म्हणालात, क्षयाचा रोगी लाईनीत नको, पाडव्याला रांगोळीची स्पर्धा आहे, साहेबाच्या मडम येणार बक्षीस द्यायला, त्याआधी वहिनींना माहेरी पोचवा. मूल इथेच ठेवा, मुलाला लागण नको. सकाळच्या गाडीसाठी तांगाही सांगून ठेवलाय म्हणालात. मदत म्हणून! आणि श्रीरंग — माझा मोठा भाऊ, फिटर माणूस, वाफेच्या नळाशी झुंजतो — तो मान खाली घालून ‘जी’ म्हणाला. क्वार्टर जाईल, ही भीती. मी त्याला दोष देत नाही. देतो. देतो मी दोष.

तेही सोडा. जाताना तुम्ही वळलात आणि मला विचारलंत — विष्णू, पूड चाळून झाली असेल ना? दोन डबे राधाबाईंकडे पोचव.

अरे! तिच्या हातचं पाणी चालत नाही तुम्हाला, कपाला शिवत नाही, सावली नको, आणि तिने छाती फोडून गाळलेली पूड चालते? ती सगळ्यांच्या दारात मांडायची, लक्ष्मीच्या पावलांखाली घालायची, पोरं त्यात लोळणार, हात तोंडाला लावणार — ते चालतं? काय म्हणालात? माहीत नव्हतं? माहीत नव्हतं हे मान्य. माझंही तेच. पण आता सांगून राहिलो आहे ना! आता माहीत झालं ना! आता तरी ते उरलेले डबे — नाही, ऐका, मध्ये बोलू नका. सर काय म्हणाले शेवटी, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. श्रीरंगलाही नाही. सर म्हणाले, आत गेलेलं बाहेर येत नाही. हवापालट करा, दूध द्या, पण ते बाहेर येत नाही. हरद्याला पाठवलं काय, काशीला पाठवलं काय, वहिनी आता बरी —

थांबा.

खोकला थांबला, बघा.

मी मोठ्याने बोललो का? फार मोठ्याने? दार तर लोटलेलं होतं. तिला हे ठाऊक नव्हतं, भय्यासाहेब. निदान मला वाटतं, नव्हतं.

नाही, आत नका डोकावू. उभे राहा तिथेच. हळू सांगतो उरलेलं, थोडंच आहे.

सरांकडून आलो तेव्हा मी तिला फक्त चांगलं ते सांगितलं होतं. चाकं, होड्या, डब्या, तारे. समुद्राचं गवत. चुलीपुढे बसून बोटाने राखेत काढून दाखवलं होतं. ती म्हणाली, भाऊजी, म्हणजे मी इतके दिवस रांगोळीची रांगोळी काढत होते म्हणा की. आणि बेबीला समुद्र समजावत बसली, स्वतः न पाहिलेला.

आज पहाटे उठलो. अभ्यंगस्नानं उरकून लाईन फराळाला बसली होती. मी बादली भरली, गोणपाट घेतलं. कोरडं झाडायचं नव्हतं, कोरडं झाडलं की उडते, म्हणून ओलं. ठरवलं होतं की तुमच्या दारापासून सुरू करायचं. बाहेर आलो, तर आमच्याच उंबऱ्यापुढे वहिनी बसलेली. भिंतीला टेकून, गाडीला जायचं लुगडं नेसून, शेजारी बांधलेली पेटी. आणि समोर रांगोळी. तेच सगळं — चाकं, कंगवे, होड्या, मधे मोठा गोल, त्यात ठिपके. एवढ्या धापेत कशी काढली असेल, देव जाणे. बेबीसाठी काढली म्हणाली, पोर उठली की तिला समुद्र दिसू दे.

बादली घेऊन उभाच राहिलो. तिने बादलीकडे बघितलं, गोणपाटाकडे बघितलं, लाईनीकडे बघितलं. मग म्हणाली, दुसऱ्यांच्या दारची पुसणार असाल तर आधी आपल्या दारची पुसा, भाऊजी. आणि बेबीला हाक मारली, मला तिला कडेवर घेऊन एकेक दाखवायला लावलं — हे चाक, ही होडी, हा तारा. पोरीने सगळं बघितलं. मग तिला आत पाठवलं, आणि गोणपाटाचं दुसरं टोक वहिनीने धरलं.

आम्ही दोघांनी पुसली ती. मग मी पुढच्या दाराकडे गेलो, आणि त्याच्या पुढच्या.

तांगेवाला आला तेव्हा मी तुमच्या ओट्यावर होतो. भैया, सवारी कहाँ है, म्हणाला. मी म्हटलं, सवारी कहीं नहीं जाएगी, आज दिवाली है, तुम भी घर जाओ. तो गेला. पेटी आत नेली मी. श्रीरंगने पेटीची दोरी सोडली.

आता तुम्हीही निघा, भय्यासाहेब. पायरी ओली आहे, जपून उतरा.