मुलाखतीला विंजणा

त्या दिवशी ऊन असं होतं की डोक्यावरचा पत्रा तापून वाजत होता. माझी नात प्रतीक्षा परदेशी शिकायला जायची होती. तिथल्या विद्यापीठाची बाई लॅपटॉपवर तिची मुलाखत घेत होती. विद्यापीठानं पत्र दिलं तरच व्हिसा, न्हाईतर सगळं मुसळ केरात. खोलीत दुसरं कुणी नको, अशी अटच होती.

मधीच लाईट गेली. पोरीनं तसं बाईला सांगितलं, पण पंखा थांबल्यावर तिला दरदरून घाम फुटला. मला धास्ती, बाईला वाटायचं खोटं बोलतीय म्हणून घामेजली! मी आपला रांगत आत गेलो आन् टेबलाखालून विंजण्यानं वारा घालाय लागलो.

बाई थांबली. पोरगी रडकुंडीला येऊन खाली वाकली.

"आबा, ती विचारतीय, लाईट न्हाई तर केस कावून उडायलेत?"

मुलाखत तिथंच बंद. उद्या परत घेऊ, पण एकटीच बस, बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीबी लाईट गेलीच. मी विंजणा धरून उंबऱ्याबाहेर बसलो, जीव सगळा आत अडकलेला. शेजारचे किराणावाले बन्सीअप्पा बघत होते. म्हणाले,

"आबा, ठेवा तो खाली. तिकडं परदेशात जाऊन वारा घालायचा म्हणलं तर व्हिसा तुमालाबी काढावा लागंल!"